ठाण्यातील एका वारसा समितीचे काम : गोष्टींत पक्के, कागदपत्रांत कच्चे

ठाणे शहरातील जुन्या वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवी समितीचे तीन उपक्रम सध्या नियमितपणे चालतात. दिवाळीनंतर उन्हाळा तापेपर्यंत रविवारी सकाळी निघणाऱ्या वारसा फेऱ्या हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय उपक्रम आहे. शाळांमधील व्याख्याने हा दुसरा, तर जुन्या घरांचे मालक आणि भाडेकरू यांच्यासाठी महिन्यातून एकदा भरणारे सल्ला केंद्र हा तिसरा, आणि या तिसऱ्याची माहिती फार थोड्यांना आहे. चरईतील एका कौलारू घराचा रहिवासी या नात्याने मी फेरी आणि सल्ला केंद्र या दोहोंचा लाभ घेतला असून हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे. समितीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. पदरमोड करून काम करणाऱ्या चार माणसांच्या उणिवा दाखवायच्या, तर त्यांना चव्हाट्यावर आणण्याचे कारण नाही.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण फेरीला आलेल्यांपैकी बहुतेकांच्या मनात तो असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालील विकास नियंत्रण नियमावली यांच्या आधाराने वारसा वास्तूंबाबत महापालिका आयुक्तांना सल्ला देणारी समिती ही वैधानिक असते. मुंबईत अशी नियमावली १९९५ साली लागू झाली, आणि मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. येथे ज्या समितीविषयी लिहितो आहे तिला असे कोणतेही अधिकार नाहीत. ती कोणाचे बांधकाम थांबवू शकत नाही किंवा कोणाला परवानगीही देऊ शकत नाही. लोकांना जुन्या वास्तूंचे मोल पटवणे आणि ज्यांच्याकडे अशा वास्तू आहेत त्यांना वाट दाखवणे, एवढेच तिचे काम आहे. म्हणूनच तिचे मोजमापही याच दोन कसोट्यांवर व्हायला हवे.

पहिल्या कसोटीवर समिती उत्तम उतरते. फेरीची आखणी विचारपूर्वक केलेली आहे. ठाणे म्हटले की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, हे पहिल्या रेल्वेगाडीचे पाठ झालेले आख्यान येणारच, आणि ते स्थानकाबाहेर होतेही. परंतु मार्गदर्शक तेथे फार रेंगाळत नाहीत. माझ्या मते एक गोष्ट मात्र त्यांनी जोडायला हवी. पहिली गाडी ठाण्यात येऊन थांबली, ती पुढे खाडी होती म्हणून. खाडीवर पूल बांधून रूळ पलीकडे नेण्याचे काम १८५४ मध्ये तडीस गेले आणि मगच गाडी कल्याणच्या दिशेने जाऊ शकली. बांधकामाच्या दृष्टीने खरी कसोटी तेथे लागली होती. उद्घाटनाच्या दिवसाचा सोहळा प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतो, पुलाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही, आणि ही उणीव भरून काढण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे ही फेरी होय.

फेरीचा गाभा आहे तो ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. आत जाण्याचा प्रश्नच नसतो, छायाचित्रेही काढता येत नाहीत. त्यामुळे एका बंद तटासमोर उभे राहून अर्धा तास लोकांना धरून ठेवायचे, ही वक्त्याची परीक्षाच असते. आमच्या मार्गदर्शकांनी ती ज्या रीतीने दिली, तिला दाद द्यायला हवी. त्यांनी सुरुवात पोर्तुगीजांपासून न करता ताम्रपटापासून केली. १७८७ साली या किल्ल्याच्या आवारात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा इ. स. १०१७ मधील दानपत्राचा ताम्रपट सापडला. ज्या श्रीस्थानकाच्या, म्हणजे ठाण्याच्या जुन्या नावाने आज शहरातील दुकाने आणि सोसायट्या मिरवतात, त्याच्या इतिहासाचा इतका जुना लेखी पुरावा या तटाच्या पायथ्याशी मिळाला, हे ऐकल्यावर फेरीतील मंडळींची त्या भिंतीकडे पाहण्याची नजर बदलली. त्यानंतर पोर्तुगीजांनी आरंभलेले किल्ल्याचे बांधकाम, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर, म्हणजे ठाणे ज्यात येते त्या बेटावर केलेली चढाई, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला किल्ला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे राहणे, हा सगळा क्रम कोठेही न अडखळता आणि कोणावर ओरड न करता सांगितला गेला. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या हत्येप्रकरणी १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना येथे फाशी देण्यात आले, हे सांगताना वक्त्यांनी आवाज चढवला नाही, हेही मला आवडले.

मात्र त्र्यंबकजी डेंगळ्यांच्या सुटकेचा प्रसंग सांगताना तोल गेला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे हे कारभारी इंग्रजांच्या कैदेत असताना १८१६ साली या किल्ल्यातून निसटले, हे निर्विवाद आहे. खिडकीखाली घोड्यांना खरारा करणाऱ्या मोतद्दाराने मराठी गाण्यातून त्यांना निरोप पोहोचवला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातले काही उमगले नाही, ही कथा मात्र कथा म्हणूनच सांगायला हवी. कलकत्त्याचे इंग्रज बिशप हेबर १८२५ मध्ये या भागात आले होते, त्यांच्या प्रवासवर्णनात ती येते. म्हणजे घटनेनंतर सुमारे नऊ वर्षांनी ऐकून लिहिलेली ती गोष्ट आहे. वक्त्यांनी ती डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगितली, वर गाण्याच्या ओळीही म्हणून दाखवल्या. गंमत अशी की, याच हेबर यांच्या हस्ते १८२५ मध्ये विधिपूर्वक समर्पित झालेले सेंट जेम्स चर्च तेथून हाकेच्या अंतरावर आहे. कथा कोणाकडून आली हे सांगून त्या चर्चकडे वळले असते, तर गोष्टही रंगली असती आणि तिचा उगमही कळला असता. ज्या समितीने ताम्रपटाच्या बाबतीत वर्षासकट पुरावा दिला, तिने येथे का सैल व्हावे, हे समजले नाही.

तलावपाळीचा टप्पा गर्दीमुळे थोडा वाया जातो. मासुंदा तलावाच्या काठी रविवारी सकाळी चालणारे, धावणारे आणि नाश्त्याच्या गाड्यांभोवती जमलेले लोक यांच्यात वीस-पंचवीस जणांचा घोळका उभा करून बोलणे कठीणच असते, आणि समितीकडे असलेला छोटा ध्वनिक्षेपक मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. तरीही कोपिनेश्वराच्या देवळापाशी झालेली चर्चा लक्षात राहण्यासारखी होती. १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी या देवळाची उभारणी केली, ही माहिती पत्रकातही आहे. चर्चा त्यापुढे गेली. नांदत्या देवळात जतन म्हणजे नेमके काय, असा प्रश्न फेरीतील एका बाईंनी विचारला. भक्तांच्या देणग्यांतून गाभाऱ्यात चकचकीत लाद्या बसवल्या, दगडावर तैलरंग चढवला, तर ती सेवा की नासधूस? मार्गदर्शकांनी भक्तांना अडाणी ठरवले नाही. दगडावरचा तैलरंग आतली ओल बाहेर पडू देत नाही आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात, हे कारण त्यांनी समजावून दिले आणि विश्वस्तांशी बोलताना सौंदर्यापेक्षा हे कारण अधिक पटते, असा अनुभवाचा बोलही सांगितला. प्रचाराचे काम कसे करावे याचा हा नमुना होता.

टेंभी नाक्याजवळच्या शार हाशामायिम सिनेगॉगमध्ये समितीने आगाऊ कळवून प्रवेशाची व्यवस्था केली होती. ओळखपत्र सोबत ठेवण्याची सूचनाही आधीच मिळाली होती. १८७९ मध्ये बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यू समाजाने उभारलेले हे प्रार्थनास्थळ. या समाजातील अनेक कुटुंबे इस्राएलला गेली, पण येथे राहिलेल्यांची मराठी आपल्यासारखीच आहे आणि प्रार्थना अजून होते. सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आणि १ जून १८९३ रोजी स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय यांबद्दलचे बोलणे वेळेअभावी उरकते घेतले गेले. ग्रंथसंग्रहालयाला निदान स्वतंत्र फेरी मिळावी. त्याचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्या माणसाने ठाण्यात बसून प्राचीन मराठी वाङ्मयासाठी जे केले, ते रस्त्याच्या कडेला उभे राहून पाच मिनिटांत सांगण्यासारखे नव्हे.

येथपर्यंत फेरीचे कौतुक आहे आणि ते मनापासून आहे. अडचण दुसऱ्या कसोटीची आहे. फेरीला येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा माजिवड्याच्या उंच इमारतींत राहणारे असतात. जुन्या ठाण्याबद्दल त्यांना ओढ वाटावी, हे चांगलेच. परंतु त्यांच्या हातात पाडण्यासारखे किंवा राखण्यासारखे काही नसते. ते ज्यांच्या हातात असते, तो चरई, खारकर आळी किंवा जांभळी नाका भागातला मालक रविवारी सकाळी फेरीला येत नाही. तो पावसाळ्यापूर्वी कौले चाळायला माणूस शोधत असतो. त्याच्यासाठी असलेले सल्ला केंद्र महिन्यातून एकदा, दोन तासांपुरते भरते आणि त्याची जाहिरात फेरीच्या जाहिरातीच्या एक दशांशही होत नाही.

सल्ला केंद्रातील तांत्रिक मार्गदर्शन प्रथम दर्जाचे आहे, हे आवर्जून नोंदवतो. समितीच्या सभासदांपैकी एक वास्तुरचनाकार जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीचे काम प्रत्यक्ष करतात. आमच्या घराच्या भिंतीला तळापासून ओल चढते, गिलावा फुगतो आणि माजघराच्या तुळईचे भिंतीतले टोक मऊ पडले आहे, ही तक्रार त्यांनी छायाचित्रे पाहत शांतपणे ऐकली. त्यांचे उत्तर असे होते : विटा आणि चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि सुकतेही, तिच्यावर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साचतात, विटा भुसभुशीत होतात आणि सागवानाचे टोक सतत दमट राहून कुजते. दर दोन वर्षांनी सिमेंट थापून आपण दुखणे वाढवत असतो. म्हणून आधी पाण्याची वाट शोधावी, पन्हळ आणि अंगणाचा उतार दुरुस्त करावा, मग सिमेंटचा गिलावा खरवडून भिंत सुकू द्यावी आणि त्यानंतरच विरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) यांचा गिलावा पातळ थरांनी, प्रत्येक थर ओला राखत द्यावा. हे काम पावसाळा पूर्ण सरल्यावर सुरू करून उन्हाचा तडाखा वाढण्यापूर्वी संपवावे, नाहीतर चुना नीट धरत नाही. तुळईचे कुजलेले टोक कापून तेथे नवे सागवान जोडता येते, संपूर्ण तुळई बदलण्याची गरज नसते, हेही त्यांनी आकृती काढून दाखवले. कोणत्याही ठेकेदाराने आजवर आम्हाला यांतले काही सांगितले नव्हते, आणि या एका बैठकीसाठी समितीचे ऋण मान्य करायला हवे.

हेच केंद्र कायद्याकडे वळले की मात्र गडबडते. ठाण्यातल्या जुन्या घराच्या मालकाला दोन भीती असतात. एक, महापालिकेच्या वारसा यादीत नाव गेले की घर कायमचे अडकले. दुसरी, महापालिकेने धोकादायक ठरवले की घर गेलेच. या दोन्ही भीतींत थोडे तथ्य आणि बराच गैरसमज आहे, आणि तो दूर करण्याइतकी माहिती केंद्रावर बसलेल्या स्वयंसेवकांकडे नव्हती. यादीतील वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. पहिली श्रेणी असलेल्या वास्तूत आतून-बाहेरून जवळपास काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल आणि नवा वापर काटेकोर तपासणीनंतर शक्य असतो, तर तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक असते. सर्वसामान्य राहते घर यादीत आलेच तर ते बहुधा खालच्या श्रेणीत येईल. यादी अंतिम होण्यापूर्वी हरकती आणि सूचना मागवल्या जातात. यादीतील वास्तूची दुरुस्ती, गिलावा, रंगकाम किंवा पाडकाम यांसाठी आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, पण मालकी कोठेही जात नाही. एवढे एका पानावर छापून हातात दिले, तरी निम्मी धास्ती ओसरेल. समितीच्या रंगीत पत्रकात श्रेणींचा उल्लेख एका ओळीत आहे आणि त्या श्रेणीमुळे मालकाचे काय होते, हे कोठेच नाही.

हस्तांतरणीय विकास हक्कांचा विषय तर कोणी काढलाच नाही. मी विचारल्यावर ‘ते बिल्डर लोकांचे प्रकरण आहे’ असे उत्तर एका स्वयंसेवकाने दिले. वस्तुतः यादीत आल्यामुळे जागेवर जे बांधकाम करता येत नाही, त्याच्या बदल्यात विकास हक्क प्रमाणपत्र मिळवून ते विकण्याची सोय नियमांत आहे आणि मालकाच्या बाजूने असलेली ही एकच ठोस आर्थिक तरतूद म्हणता येईल. नियमानुसार खासगी वारसा वास्तूच्या देखभालीची जबाबदारी मालकाचीच असते; सरकार किंवा पालिका खर्च उचलत नाही. पागडीच्या खोल्यांतून महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात एका पावसाळ्याची कौलेही येत नाहीत, अशा मालकाला जतनाचे महत्त्व सांगताना पैशाचा विषय वगळणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचे वर्णन ऐकवणे होय.

धोकादायक इमारतींचा मुद्दा याहून तातडीचा आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी इमारतींची वर्गवारी जाहीर होते : सी १ म्हणजे अतिधोकादायक आणि तात्काळ रिकामी करून पाडण्याची, सी २ अ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करण्याची, सी २ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याची, आणि सी ३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घ्यावे लागते, आणि ते करणारे बहुतेक अभियंते काँक्रीटच्या इमारतींवर तयार झालेले असतात. चुना आणि सागवान यांच्या घराचे मोजमाप काँक्रीटच्या हिशेबाने झाले, तर दुरुस्त होण्याजोगे घरही पाडण्याच्या वर्गात जाऊ शकते. वास्तू खरोखर जगते किंवा मरते ती या एका अहवालावर. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या संरचना अभियंत्यांची यादी समितीने तयार केली, तर तिच्या सगळ्या फेऱ्यांनी मिळून जेवढी घरे वाचली असतील त्याहून अधिक घरे ती यादी वाचवेल, असे मला वाटते. ही सूचना मी लेखी दिली असून ती विचाराधीन असल्याचे उत्तर आले आहे.

नवी मुंबईतही काम वाढवण्याचा समितीचा मानस आहे आणि बेलापूरच्या किल्ल्यावर एक सहल जाऊनही आली. किल्ला हवाच, परंतु सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसवले, त्यांच्या गावठाणांतील आगरी-कोळी घरे, ओट्या आणि पडव्या आज एकेक करून चार मजली इमारतींखाली जात आहेत. तेथे जायचे तर आधी त्या गावातल्या मंडळींना बरोबर घ्यावे लागेल, बाहेरून आलेल्या वक्त्याने त्यांचेच घर त्यांना समजावून सांगून चालणार नाही.

फेरीचे शुल्क नाममात्र आहे आणि विद्यार्थ्यांना माफ आहे. ज्येष्ठांनी चालण्याचे अंतर आधी विचारून घ्यावे, कारण मध्ये बसण्याची सोय फक्त तलावपाळीवर आहे. सल्ला केंद्रात जाणाऱ्यांनी मालमत्ता पत्रक, कराच्या पावत्या, भाडेपावत्या आणि घराची अलीकडची छायाचित्रे सोबत न्यावीत. तुळया आणि कौलांखालचे वासे दिसतील अशी छायाचित्रे असल्यास बोलणे लवकर मुद्द्यावर येते. चुन्याचे काम येणाऱ्या गवंड्यांची नावे त्यांच्याकडे आहेत, मात्र ती पत्रकात नाहीत; मागून घ्यावी लागतात, आणि दिवाळी संपताच त्या गवंड्यांच्या तारखा भरतात, म्हणून पावसाळ्यातच चौकशी करून ठेवावी.